पावसाळ्यात एअर रायफलचा ग्रुप फुटतो: दोष छर्र्याचा, नळीचा की हवेचा?

मे महिन्यापर्यंत दहा मीटरवर एकमेकांना चिकटून बसणारे छर्रे जून-जुलैत अचानक इकडेतिकडे जाऊ लागतात, म्हणजे ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) फुटतो. गोव्यात ही तक्रार दर पावसाळ्यात येते, आणि बहुतेक जण तिच्यावर एकच उपाय करतात: दुसऱ्या कंपनीची महाग डबी मागवतात. त्याने कधी गुण येतो, बहुधा येत नाही, कारण दोष नेमका कुठे आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. छर्रा बदलायचा की नाही हा प्रश्न पाचवा आहे. त्याआधीच्या तपासण्या जवळजवळ फुकट आहेत आणि बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं.

इथलं सगळं ४.५ मिमीच्या एअर रायफलबद्दल आहे: दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी मॅच रायफल (स्पर्धेची) आणि नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल, दोन्ही. जिथे दोघींची तऱ्हा वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी लक्षणं नीट बघा

कागद फेकून देऊ नका. भोकं कशी पडली आहेत यावरूनच पुढची वाट ठरते.

ग्रुप उभा पसरतो, आडवा नाही. एक शॉट वर, एक खाली, पण डावी-उजवी बाजू ठीक. याचा अर्थ छर्र्याचा वेग शॉटागणिक बदलतोय. संशय हवेच्या दाबावर, रेग्युलेटरवर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग), स्प्रिंगवर किंवा ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या छर्रा भरायच्या टोकाच्या, ओ-रिंगवर (हवा अडवणारी रबरी कडी). श्वास न थांबवता मारणाऱ्या नव्या नेमबाजाचाही ग्रुप उभाच पसरतो, हे विसरू नका.

ग्रुप आडवा पसरतो. ट्रिगर बाजूने खेचला जातोय, रायफल दर वेळी वेगळ्या कोनात कलतेय किंवा मागची साइट (नेम धरायचं साधन) सैल आहे.

दोन वेगळे ग्रुप पडतात, दोन्ही घट्ट. हे लक्षण दिसलं की छर्र्याकडे जाऊच नका. काहीतरी दोन जागांमध्ये हलतंय: साइटचा पाया, दस्त्याचे स्क्रू, गालाची पट्टी. अपवाद एकच, तो म्हणजे दोन लॉटचे (कारखान्यात वेगवेगळ्या खेपांत घडलेले) छर्रे एका डबीत मिसळलेले असणं.

नऊ शॉट एकत्र आणि एक लांब उडालेला. बहुतेक वेळा छर्र्याचा मागचा घेर, म्हणजे स्कर्ट, दबलेला असतो.

सगळीकडे सारखाच विखुरलेला ग्रुप. नळी घाण आहे, छर्रा त्या नळीला बसत नाही, किंवा नळीच्या तोंडाला इजा झाली आहे.

चपट्या तोंडाच्या छर्र्याचं भोक पंचिंग मशिनने पाडल्यासारखं स्वच्छ गोल हवं. ते लंबगोल किंवा फाटलेलं दिसलं तर छर्रा सरळ न जाता तिरका होऊन पोचतोय. हे लक्षण गंभीर आहे. स्कर्ट खराब असेल, नळीचं तोंड खराब असेल किंवा छर्रा बाहेर पडताना कशालातरी घासत असेल.

दहा मिनिटं थांबल्यावरचा पहिला शॉट नेहमी वर जातो, नंतरचे ठीक. हे रेग्युलेटरचं लक्षण आहे. याच्यासाठी छर्रे बदलून पैसे घालवू नका.

हात लावण्यापूर्वी

ब्रीच उघडा, छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, नळीतून रंगीत सेफ्टी दोरी घाला. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा भरताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरलेली असावी. खटका निसटला तर नळी उसळून बंद होते आणि बोटं चेचली जातात.

छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरायची सवय अजून काही जणांना आहे, ती आजच सोडा. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि लहान मुलांच्या हातात डबी देऊ नका.

पहिली तपासणी, बिनखर्ची: डबी उघडून बघा

पांढऱ्या कागदावर वीस-पंचवीस छर्रे ओता आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी कागदालगत धरा. तीन गोष्टी शोधायच्या.

एक, रंग. नवं शिसं चकचकीत किंवा गडद राखाडी असतं. त्यावर पांढरट पूड दिसली, बोटाला खडूसारखी लागली, तर शिशाला दमट हवा लागली आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत उघडी राहिलेली डबी कागदाच्या खोक्यात किंवा कापडी पिशवीत फार टिकत नाही. पांढरी पूड आली की छर्र्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो, तो प्रत्येक वेळी नळीत वेगळ्या जोराने अडतो आणि वेग बदलतो. असे छर्रे पुसून, धुऊन, तेल लावून वाचवायच्या खटपटीत पडू नका. ती पूड विषारी आहे आणि छर्रे पुन्हा मॅचच्या कामाचे होत नाहीत. डबी बंद करून बाजूला ठेवा. भंगारातलं शिसं घेणाऱ्याकडे द्या, कचऱ्यात टाकू नका.

दोन, स्कर्ट. छर्रा आडवा ठेवून फुंकर मारा किंवा बोटाने हलकेच ढकला. त्याचं तोंड मागच्या घेरापेक्षा किंचित बारीक असतं, म्हणून चांगला छर्रा सरळ न जाता सुंदर कमान घेऊन वळतो. स्कर्ट दबलेला असेल तर तो लंगडत, झटके खात जातो. मागची हवा त्या दबलेल्या कडेतून आधी निसटते, छर्रा तिरका सुटतो आणि तो दहावा शॉट लांब उडतो. डबी हातातून पडली असेल, खिशात सुटे छर्रे ठेवले असतील किंवा पोस्टातून आलेली डबी आत खुळखुळत असेल, तर असे छर्रे हमखास निघतात.

तीन, शिशाचे बारीक कण आणि तुकडे. स्कर्टच्या आत अडकलेला शिशाचा सोलीव तुकडा डोळ्यांना दिसतो. असा छर्रा वापरू नका.

डबीवरचं स्टिकरही वाचा. त्यावर तोंडाचा व्यास, वजन आणि लॉट नंबर असतो. मागची डबी ४.५० ची होती आणि आताची ४.४९ ची आली, एवढ्यावरच कित्येकदा शोध संपतो. दुकानदार 'तेच आहेत' म्हणतो तेव्हा त्याला कंपनी आणि नाव तेच आहे असं म्हणायचं असतं. व्यास आणि लॉट तुम्हालाच बघावे लागतात.

दुसरी, हीही बिनखर्ची: माणूस की रायफल?

रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवा, पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली घ्या आणि दहा शॉट मारा. नंतर रेंजवरच्या दुसऱ्या, तुमच्यापेक्षा चांगल्या नेमबाजाला तेच करायला सांगा. टेकवून मारल्यावर ग्रुप घट्ट येत असेल तर रायफल आणि छर्रे दोन्ही ठीक आहेत. प्रश्न उभं राहण्याचा, श्वासाचा, ट्रिगरचा आहे आणि तो प्रशिक्षकाकडे न्यायचा.

स्प्रिंगच्या रायफलीला हा नियम जसाच्या तसा लावू नका. तिचा पिस्टन आत पुढे-मागे धावतो, छर्रा नळीतून निघण्याआधीच रायफल हलते. ती शिकंज्यात आवळली किंवा पिशवीवर दाबून धरली तर ग्रुप उलट बिघडतो. तळहात उघडा ठेवून त्यावर दस्ता नुसता टेकवा, तळहाताखाली पिशवी घ्या, खांद्याला हलकेच लावा आणि दर शॉटला हात त्याच जागी ठेवा. 'माझी रायफल टेकवली तरी मारत नाही' असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे स्प्रिंगची रायफल असते आणि ती घट्ट आवळलेली असते.

मोजायचं कसं? सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरने मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. हे झालं केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर. दहा मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिमीचा असतो, पण छर्र्याची कड त्याला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्र्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिमीच्या आत हवं. मॅच रायफल टेकवून मारल्यावर दहा शॉटचं हे अंतर अडीच मिमीच्या आत येत असेल तर ती रायफल दहाच्या आतच मारतेय, उरलेलं काम तुमचं. साध्या स्प्रिंग रायफलीकडून हे मागू नका. तिचा दहा मिमीचा ग्रुप चांगलाच म्हणायचा.

तिसरी: स्क्रू आणि साइट

एलन की-चा एक संच पुरतो. दस्त्याचे स्क्रू, साइट बसवायचे स्क्रू, पुढच्या साइटचा पाया, गालाची पट्टी, बट-प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), सगळं एकेक करून तपासा. कंपनीच्या पुस्तिकेत स्क्रू किती आवळायचा हे दिलेलं असेल तर तेवढाच आवळा. ॲल्युमिनियमच्या आट्या जोर लावला की फिरतात आणि मग साधं काम खर्चिक होतं. स्प्रिंगच्या रायफलीत दस्त्याचे पुढचे दोन स्क्रू दर काहीशे शॉटनंतर ढिले होतातच, कारण तिचा झटका दोन्ही दिशांनी बसतो. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, दिवाळीनंतर आटतो. म्हणून ही तपासणी वर्षातून दोनदा तरी करायची.

साइट खरंच तेवढीच हलते का हे बघायला चौकोन मारा. दोन शॉट मारा, साइट दहा क्लिक उजवीकडे, दोन शॉट, दहा वर, दोन शॉट, दहा डावीकडे, दोन शॉट, दहा खाली आणि शेवटचे दोन शॉट. शेवटचे दोन पहिल्या दोघांवर पडायला हवेत आणि चौकोन चौकोनी दिसायला हवा. तसं होत नसेल तर साइटच्या आतल्या स्प्रिंगला गंज आहे किंवा आटे झिजले आहेत. मोरजी-कांदोळीपासून कोलवा-काणकोणपर्यंत समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे आधी भोगावं लागतं, खारी हवा बारीक पोलादी भागांना सोडत नाही. साइट स्वतः उघडू नका. आतल्या गोळ्या आणि स्प्रिंगा उडाल्या की सापडत नाहीत.

चौथी: नळी साफ करा, पण बेताने

शिसं आणि छर्र्यावरचं वंगण मिळून नळीत एक थर बसतो. थोडा थर हवा असतो. जास्त झाला, किंवा दमट हवेने त्याचा चिकटा झाला, की ग्रुप चहूकडे पसरतो.

सिलिंडरच्या रायफलीत फेल्टचे साफसफाईचे बोळे मिळतात ते वापरा. दोन-तीन एकामागोमाग भरा आणि मारा, बोळा पांढरा निघेपर्यंत. स्प्रिंगच्या रायफलीत नुसता बोळा मारू नका. तो हलका असल्याने पिस्टनसमोर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन पुढे जाऊन जोरात आपटतो. सील आणि स्प्रिंग दोन्हींना मार बसतो. तिथे नायलॉनची दोरी ब्रीचकडून घालून चिंधी ओढून घ्या.

धातूचा ब्रश कधीच नको, आणि तोंडाकडून सळई घालणं तर अजिबात नको. नळीच्या तोंडाची आतली कड हीच छर्र्याला शेवटचा स्पर्श करते. तिच्यावरचा केसाएवढा ओरखडाही हवा एका बाजूने आधी सोडतो आणि छर्रा तिरका होतो. मॅच रायफलीला पुढे जी लांब पोकळ नळी जोडलेली असते ती काढून तिच्या आतला शिशाचा काळा थर पुसा. तिथे जमलेल्या कवचाला छर्रा घासतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

तेलाची बाटली लांब ठेवा. स्प्रिंगच्या रायफलीत नळीतून किंवा पोर्टमधून (हवा बाहेर पडायच्या भोकातून) आत गेलेलं साधं मशीन-तेल पिस्टनच्या दाबाने पेटतं. मोठा आवाज, धूर, जळका वास, आणि वेग भलताच. बाहेरच्या पोलादावर अगदी पातळ हात फिरवा, आत नको.

साफ केल्यावर पहिले दहा-वीस शॉट मोजू नका. नळीत पुन्हा पातळ थर बसेपर्यंत ग्रुप जागेवर येत नाही. हे माहीत नसल्याने साफ केल्याकेल्या 'आता तर आणखी बिघडलं' म्हणून लोक पुढच्या खर्चात उतरतात.

दमट दिवसांतली एक सवय इथेच सांगायला हवी. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून रायफल बाहेर काढली की केस लगेच उघडू नका. थंड पोलादावर बाहेरची वाफ क्षणात जमते, साइटची काच धुरकट होते, नळीच्या आतही तेच होतं, फक्त ते दिसत नाही. अर्धा तास केस बंद ठेवून रायफल बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. आणि केसमधला फोम ओला झाला असेल तर रायफल त्यात मुक्कामाला ठेवू नका. फोम पाणी धरून ठेवतो आणि नळीवर त्याच्या आकाराचे गंजाचे डाग उठतात.

पाचवी: आता छर्रा निवडा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच नवे छर्रे घ्या.

कागदावर मारायचा छर्रा चपट्या तोंडाचाच, कारण तो भोक स्वच्छ कापतो आणि गुण मोजायला वाद राहत नाही. टोकदार आणि गोल तोंडाचे छर्रे 'शिकारीचे' म्हणून विकले जातात आणि ते जास्त नेमके असतील असं अनेकांना वाटतं. दहा मीटरवर ते तसे नाहीत. टोक जरासं मध्याबाहेर घडलेलं असलं तरी छर्रा डगमगतो. आणि शिकारीचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला बंदी आहे. ४.५ मिमीपर्यंतच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, म्हणून काही जण ती बागायतीत पाखरांवर, माकडांवर रोखतात. परवाना लागत नाही याचा अर्थ जनावरावर मारायला मुभा आहे असा नाही. अशा छर्र्याने जनावर बहुधा लगेच मरत नाही, जखम घेऊन तडफडतं. सत्तरी-सांगेच्या बागायतीत गवे, रानडुकरं, माकडं नासधूस करत असतील तर वनखात्याच्या रेंज कार्यालयात लेखी तक्रार करायची. रायफल हा त्यावरचा उपाय नाही.

वजन. मॅच रायफलीला साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा, पिस्तुलाला आणि कमी ताकदीच्या स्प्रिंग रायफलीला ०.४८ ते ०.५० ग्रॅमचा हलका छर्रा बहुधा मानवतो. बहुधा म्हणजे नेहमी नव्हे, चाचणी करावीच लागते.

तोंडाचा व्यास हा खरा कळीचा मुद्दा. ४.४८ पासून ४.५२ पर्यंत, शंभरावा भाग मिलिमीटरने वाढत जाणारे व्यास मिळतात. तोंड नळीच्या आतल्या, छर्र्याला फिरकी देणाऱ्या पिळदार आट्यांच्या माथ्यांवर टेकून धावतं. व्यास कमी पडला तर छर्रा नळीत किंचित हलतो, जास्त झाला तर अडतो. अंगठ्याने भरताना तो हलक्या, एकसारख्या अवरोधाने आत बसला पाहिजे. नुसता टपकन आत पडला तर सैल आहे, जोर लावून दाबावा लागला तर घट्ट. अंगठ्याला कळतं तेवढं मात्र पुरेसं नाही, कागद हाच पुरावा.

चाचणी अशी करा. वेगवेगळ्या व्यासांच्या तीन डब्या विकत घेण्याऐवजी रेंजवरच्या मित्रांकडून प्रत्येकी चाळीस छर्रे मागा, लॉट नंबर लिहून ठेवा. नळी साफ करा. दर वेळी छर्र्याचा प्रकार बदलताना आधी दहा शॉट कोऱ्या कागदावर घालवा, कारण नळीत आधीच्या छर्र्याचं वंगण असतं. मग प्रत्येकी दहा शॉटचे दोन ग्रुप, पण ओळीने नाही: अ, ब, क आणि मग क, ब, अ. नाहीतर शेवटच्या छर्र्यावर तुमच्या थकव्याचं आणि सिलिंडरच्या उतरलेल्या दाबाचं खापर फुटतं. दोन्ही ग्रुपमध्ये घट्ट आलेला छर्राच निवडा. पाच शॉटच्या एका देखण्या ग्रुपवर कधीही निर्णय घेऊ नका, तो नशिबाचाही असतो.

छर्रा ठरला की त्याच लॉटच्या डब्या एकदम घ्या. साचा झिजत जातो तसा पुढच्या लॉटचा आकार बदलतो. ५०० छर्र्यांची डबी आठवड्यातून चार वेळा ऐंशी शॉट मारणाऱ्याला दीड आठवडा पुरते, म्हणजे दहा डब्यांत साडेतीन महिने निघतात. पावसाळा सुरू होण्याआधी फार मोठा साठा करू नका, केलात तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि एका वेळी एकच डबी उघडा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढताच दव धरतं.

छर्रे वजनाने निवडत बसण्याबद्दल फार विचारणा होते. सोनाराच्या काट्यावर एकेक छर्रा तोलणारे लोक आहेत. दहा मीटरवर तो वेळ वाया जातो. वजनात एक टक्का फरक पडला तर वेगात साधारण अर्धा टक्का पडतो, आणि कागदावर त्याचे मिलिमीटरचे दोन दशांशही होत नाहीत. तोच वेळ स्कर्ट तपासण्यात घाला, तिथे दबलेला एक छर्रा चांगलाच लांब जातो.

सहावी: हवा आणि वेग

उभा पसरलेला ग्रुप छर्रे बदलूनही तसाच राहिला तर इकडे या.

मॅच रायफलीचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास निघतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो जवळपास १७ मिमी खाली येतो. वेग ५ मीटरने, म्हणजे तीन टक्क्यांनी घटला तर हा उतार सहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे एक मिमी. कागदावर दोन रिंगांमध्ये अडीच मिमीचं अंतर असतं, तेव्हा नुसत्या वेगापायी ०.४ गुण गेला. दशांशात गुण मोजणाऱ्या स्पर्धेत साठ शॉटांवर हे फार होतं.

आधी दाबाचा काटा बघा. पुस्तिकेत दिलेल्या किमान दाबाच्या खाली रायफल मारू नका. मग क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र) मिळवा, रेंजवर कुणाकडे तरी असतोच. दहा शॉटमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक ३ मीटरच्या आत असेल तर हवा ठीक आहे. पहिला शॉट जास्त वेगाचा आणि मग स्थिर असेल तर रेग्युलेटर थांबलेल्या वेळात हळूहळू दाब चढवतोय. वेग क्रमाने उतरत असेल तर सिलिंडर रिकामा होतोय किंवा झडप गळतेय.

स्प्रिंगच्या रायफलीत ब्रीचची ओ-रिंग तपासायला टिश्यू पेपरची बारीक पट्टी पुरते. नळी जिथे मोडते त्या सांध्यावर पट्टी आडवी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित दिशेला मारा, बोटं सांध्यापासून लांब. पट्टी उडाली तर हवा गळतेय. ही ओ-रिंग स्वस्त असते आणि जुनी काढून त्याच मापाची नवी बसवणं घरी जमतं. काढताना लाकडी टूथपिक वापरा, सुईने खाच पडते.

सिलिंडर कशाने भरता यालाही इथे महत्त्व आहे. हातपंप बाहेरची दमट हवा दाबून आत घालतो, तिच्यातलं पाणी सिलिंडरमध्ये साचतं आणि रेग्युलेटरच्या बारीक वाटेला गंज चढतो. पावसाळ्यात शक्यतो पंप टाळा. गोव्यात डायव्हिंगवाल्यांचे कॉम्प्रेसर आहेत, त्यांची हवा श्वासासाठी गाळून कोरडी केलेली असते. तशा टाकीवरून भरणं कितीतरी बरं. भरताना झडप हळू उघडा, घाईने भरली की हवा तापते, काटा २०० बार दाखवतो आणि थंड झाल्यावर बराच उतरतो. टाकीवर चाचणीची तारीख कोरलेली असते, चाचणीची मुदत उलटलेली टाकी जोडू नका. रायफलीच्या सिलिंडरवरही वैधतेची तारीख असते, आणि स्पर्धेत तारीख उलटलेला सिलिंडर अडवला जाऊ शकतो.

इथे थांबा

यापुढचं घरी करायचं नाही.

सिलिंडर, त्याची झडप आणि रेग्युलेटर उघडू नका. २०० बार म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास शंभर पट. काटा शून्य दाखवत असला तरी रेग्युलेटरच्या पलीकडे दाब अडकलेला असू शकतो. सिलिंडरला खोल ओरखडा, पोचा किंवा गंजाचा खड्डा दिसला तर तो भरूच नका, दुरुस्तीलाही देऊ नका. तो बाद झाला.

स्प्रिंगच्या रायफलीचा मागचा बोंडू खास शिकंज्याशिवाय खोलू नका. आतली मुख्य स्प्रिंग बंद रायफलीतही दाबलेलीच असते आणि सुटली तर थेट तोंडावर येते.

ट्रिगरच्या आतल्या पकडी घासून 'हलका' करायचा प्रयत्न करू नका. धक्का लागून सुटणारी रायफल कुठल्याच रेंजवर चालणार नाही. नळीच्या तोंडाची कड दुरुस्त करणं हे लेथवरचं काम आहे. बाजारात मिळणारा हातड्रिलचा उपाय नळी कायमची घालवतो.

शस्त्र-कारागिराकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्राकडे जाताना रायफलीसोबत हे न्या: टेकवून मारलेले दहा शॉटचे दोन मूळ कागद, त्यांवर तारीख, छर्र्याचं नाव, व्यास आणि लॉट लिहिलेला. क्रोनोग्राफचे दहा आकडे क्रमाने. शेवटचा सिलिंडर कशाने भरला तेही सांगा. 'रायफल नीट मारत नाही' एवढंच ऐकून कारागीर सील, स्प्रिंग आणि रेग्युलेटर सगळंच बदलून टाकतो. हे कागद समोर असले की तो एकच भाग उघडतो आणि बिलही तेवढंच येतं. रायफल परत आली की तिथेच, त्याच लॉटच्या छर्र्यांनी दहा शॉट मारून घ्या आणि मगच पैसे द्या.